कोडुरीचे इंगोले सर

इंगोले सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उभ्यानं जेवत होते. डाव्या हातावर डबा, उजव्या हातात घास आणि नजर माझ्या टेबलावरच्या पडद्यावर. माझा नोकरीचा पहिलाच दिवस होता. नागपूरहून आलेलं एक सर्व्हर मॉड्यूल विंडोजवर बिल्ड करायचं, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करायचं काम मला दिलं होतं, आणि पडद्यावर चुकांच्या ओळी भराभर वर सरकत होत्या. मी शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसले होते, कारण दिसत होती ती तेवढीच.

"वर जाय," ते म्हणाले. "पहिली चूक वाच. बाकीच्या तिच्यामागं आल्या हायेत, त्यांले विचारून काही फायदा नाई."

मी वर गेले. पहिली चूक अगदी साधी निघाली. फोल्डरच्या नावात मध्येच एक मोकळी जागा होती आणि बिल्ड करणारा प्रोग्राम नाव तिथंच संपलं असं समजत होता. मी फोल्डरचं नाव बदललं आणि त्या सगळ्या ओळी एकदम नाहीशा झाल्या. मला कोण आनंद झाला. वळून पाहिलं तर सर नव्हते. डबा धुवायला गेले असतील असं वाटलं, पण ते खाली रस्त्यावर होते. मोटारपंपाच्या दुकानासमोर उभे राहून कुणाशी तरी बोलत होते आणि बोलता बोलता दुकानातला एक पाइप उचलून आतून पाहत होते.

आमचं ऑफिस त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. यवतमाळच्या बस स्टँडपासून फार लांब नाही. दोन खोल्या, भारनियमनात जेमतेम तग धरणारा इन्व्हर्टर, आणि खालून येणारा ग्रीसचा वास. मालक मुळे साहेब. माणूस वाईट नव्हता, पण कुणाला शब्द देताना तो पाळायला किती दिवस लागतील याचा हिशोब ते करत नसत. तो हिशोब इंगोले सरांच्या वाट्याला यायचा.

सरांचं पूर्ण नाव प्रभाकर इंगोले. गाव ढाणकीजवळचं कोडुरी. घरची शेती कापूस, तूर आणि सोयाबीनची. ती घरी एकटाच राहणारा मोठा भाऊ दिनकर पाहायचा. आईवडील लवकर गेले होते, आणि धाकट्याला शिकवायचं हे दिनकरभाऊंनी कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. सर पुसदला शिकले, मग पुण्याला चांगल्या कंपनीत लागले. तिथून ते परत का आले याबद्दल ऑफिसात दोन-तीन गोष्टी सांगितल्या जायच्या. मी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाले, "तिथून घरी पोचाले रात्र पुरत नाई. इथून मोटरसायकल हाय." बायको पुसदच्या शाळेत शिक्षिका, भाऊ कोडुरीला, नोकरी यवतमाळला. आठवड्यातून निदान एकदा त्या लाल मोटरसायकलवरून तिन्ही ठिकाणांची फेरी व्हायची. तरी कुठंच नीट पोचलो नाही असा त्यांचा चेहरा असायचा.

खुर्चीचा त्यांना उपयोग नव्हता. बिल्ड चालू केलं की ते चालायला लागायचे, या खोलीतून त्या खोलीत, तिथून गॅलरीत. कोड वाचताना एक पाय हलत राहायचा. माणूस कामात घाई करणारा नव्हता, उलट फार चिवट होता, पण अंगातली तगमग बाहेर पडायला कुठून तरी वाट शोधायची. मुळे साहेब म्हणायचे, इंगोले, तुम्ही बसाल तर मला कळेल तरी काम चाललंय. त्यावर सर म्हणायचे, "काम चालून राह्यलं साहेब, म्हणून तं मी चालून राह्यलो."

ते मॉड्यूल कशासाठी होतं ते सांगायला हवं. कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागायच्या. बैलगाड्या, ट्रॅक्टर, कधी दोन-दोन दिवस रस्त्याच्या कडेला. कोण आधी आलं यावरून रोज भांडणं. म्हणून केंद्रावर कॉम्प्युटर ठेवायचा, आलेल्या गाडीची गाववार नोंद करायची आणि त्या क्रमानं आत सोडायचं, असं ठरलं होतं. नोंदी सांभाळायचं काम आमच्या मॉड्यूलचं. नागपूरच्या माणसानं ते लिनक्सवर लिहिलं होतं आणि त्याच्याकडे ते उत्तम चालत होतं. केंद्रांवर मात्र सगळीकडे विंडोज. तिथं ते बिल्ड करून, ते बरोबर चालतं का हे तपासणाऱ्या त्याच्या टेस्ट पास करून, सीडीवर घालून द्यायचं, एवढंच आमच्याकडे होतं.

या 'एवढंच'मध्ये आमचे आठवडे गेले. त्याला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, सापडायची नाही. ती सापडली की दुसरी तिच्याशी जुळायची नाही. फोल्डरच्या पत्त्यातली तिरपी रेघ लिनक्सवर एका बाजूला कललेली आणि विंडोजवर दुसऱ्या. सर प्रत्येक चूक सुटल्यावर "चाला पुढं" म्हणायचे. शाबासकी नाही, सुटकेचा श्वास नाही. मला सुरुवातीला त्याचं वाईट वाटायचं. नंतर लक्षात आलं की हा माणूस स्वतःलाही शाबासकी देत नाही.

शेवटी बिल्ड झालं. टेस्ट चालवल्या. सगळ्या पास, म्हणजे हिरव्या झाल्या आणि एक नापास, लाल राहिली.

त्या टेस्टमध्ये काही गावं तयार करायची, प्रत्येक गावाच्या नावानं एक फाइल करून तिच्यात माणसांची नावं घालायची आणि मग ती वाचून ताडून पाहायची, असं होतं. आमच्याकडे एका गावाची नावं जुळत नव्हती. नागपूरला फोन केला, तर तो माणूस म्हणाला, माझ्याकडे पास होते, तुमच्या मशीनचा दोष असेल.

सरांनी ठरवलं की हा अँटिव्हायरसचा प्रताप आहे. नवी फाइल दिसली की तो ती गिळतो. असं होतंही कधीकधी, त्यामुळे मलाही पटलं. त्यांनी कॉम्प्युटर पुरवणाऱ्याला बोलावून घेतलं, त्याच्याशी कडाक्याचं भांडण केलं, अँटिव्हायरस काढायला लावला, मशीन पहिल्यापासून उभी करायला लावली. सगळं झाल्यावर टेस्ट चालवली. लाल. सरांनी त्या पुरवठादाराला खाली चहाला नेलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी चुकलो. तुमची मशीन बेकसूर हाय." वर येऊन पुन्हा चालायला लागले. चूक कबूल करताना त्यांना काही जड जायचं नाही. पण चूक सापडत नसली की त्यांची भूक जायची.

आता त्यांच्या संध्याकाळच्या फोनबद्दल. दिवेलागणीला ते कुठल्याही कामातून उठून ऑफिसच्या फोनवरून कोडुरीच्या किराणा दुकानात फोन लावायचे. दुकानदार दिनकरभाऊंना हाक मारायला कुणाला तरी पिटाळायचा. पाच मिनिटांनी सर पुन्हा फोन लावायचे, आणि मग जे बोलणं व्हायचं त्यात बोलण्यासारखं काहीच नसायचं. जेवला का. बैलाचा खूर कसा हाय. पंपाले लाइन होती का. पलीकडून काय उत्तर यायचं ते ऐकू येत नसे, पण तेही तितकंच तोकडं असणार. फोन ठेवला की सर दहा-पंधरा मिनिटं अगदी शांत असायचे. दिवसातला त्यांचा तेवढाच शांत वेळ.

मी यवतमाळची, वडील कचेरीत, शेतीशी संबंध सुट्टीपुरता. मला आधी त्या फोनची गंमत वाटायची. पण त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी यायचं ते सगळ्यांना माहीत होतं. ऑफिसात पेपर आला की सर पहिलं पान सोडून द्यायचे आणि आतल्या पानावरची, जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या गावांची नावं बोटानं खाली खाली वाचत जायचे. ते पाहिल्यावर मी फोनबद्दल कधी काही विचारलं नाही. एकदा ते आपणहून म्हणाले, "तो काय म्हणते त्याच्याशी मतलब नाई वैशाली. आवाज कसा निघते ते आयकतो मी."

खरेदी सुरू व्हायला थोडे दिवस उरले, तसा मुळे साहेबांचा धीर सुटत चालला. त्यांचं म्हणणं असं की एवढ्या टेस्टमधली एक नापास आहे, तीही नागपूरला पास आहे, तर ती तेवढी वगळा आणि सीडी द्या. सर म्हणाले, वगळणार नाही. साहेब म्हणाले, कारण सांगा. सरांकडे कारण नव्हतं.

"मले मालूम नाई काय मोडलं ते," सर म्हणाले. "पण मोडलं हाय. टेस्ट वगळली तं आपल्याले दिसनार नाई, बाकी काही फरक पडनार नाई."

साहेब बराच वेळ बोलत राहिले. शब्द दिला आहे, केंद्रावर माणसं बसली आहेत, दुसऱ्या कुणी काम नेलं तर आपलं ऑफिस बंद होईल. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. सर ऐकत गॅलरीत उभे होते. मग संध्याकाळ झाली म्हणून ते फोनकडे वळले.

त्या संध्याकाळी दिनकरभाऊ फोनवर आले नाहीत. दुकानदार म्हणाला, घराला कुलूप आहे. सरांनी पुन्हा लावला, परत तेच. तिसऱ्यांदा लावला तेव्हा कुणी उचललाच नाही. सरांनी रिसीव्हर ठेवला, खुंटीवरचं जर्किन घेतलं आणि जिना उतरून गेले. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सरांचा पत्ता नव्हता. दुपारपर्यंत वाट पाहून साहेबांनी स्वतः माझ्या शेजारी खुर्ची ओढली, ती टेस्ट वगळली, आणि सीड्या तयार करून माणसाबरोबर केंद्रांवर रवाना केल्या. वणीला एक, पुसदला एक, ढाणकीला एक आणि इतर काही. मला म्हणाले, इंगोल्यांना मी सांगेन. त्यांच्या आवाजात मग्रुरी नव्हती, दमणूक होती.

माझ्या हातात त्या दिवशी दुसरं काम नव्हतं. सरांची एक सवय मी उचलली होती. गोंधळ असला की बाकी सगळं बंद करायचं आणि एकच टेस्ट एकटी चालवायची. तशी चालवली. लाल. मग लक्षात आलं की टेस्ट संपताना आपण केलेल्या फाइली आपणच पुसून टाकते, म्हणून आम्हाला नंतर काहीच दिसत नव्हतं. मी ते पुसणं तेवढं थांबवलं आणि पुन्हा चालवून फोल्डर उघडलं. एक फाइल कमी होती. अँटिव्हायरस तर आता मशीनवर नव्हताच. हे का झालं ते काही मला समजेना, आणि तोवर ऑफिस बंद करायची वेळ झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. सरच होते, ढाणकीच्या एका एसटीडी बूथवरून. मागे माणसांचा आणि लाउडस्पीकरचा आवाज होता. दिनकरभाऊ ठीक होते. कापूस घेऊन केंद्रावर रांगेत लागले होते आणि दुकानदाराला सांगायचं राहिलं होतं, एवढंच. सर त्या रात्री घरी पोचले, कुलूप पाहिलं, आणि गावभर विचारत शेवटी केंद्रावर गेले. भाऊ गाडीखाली घोंगडी पांघरून झोपलेला सापडला, तेव्हापासून सरही त्याच्यासोबत रांगेतच होते. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि लगेच विचारलं, "सीडी गेली का इकडं?"

मी हो म्हणाले. ते म्हणाले, "ती टेस्ट काय म्हणते?"

मी फोल्डरमध्ये पाहिलेलं सांगितलं. एक फाइल कमी आहे.

"कोणत्या गावाची?"

मी टेस्ट उघडून पाहिली. नागपूरच्या माणसानं जिल्ह्याच्या यादीतूनच नावं उचलली होती. केंद्रांवरच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं नीट उमटतील याची खात्री नसल्यानं त्यानं गावांची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवली होती आणि प्रत्येकापुढं मराठी नाव टिपून ठेवलं होतं. मी म्हणाले, "फाइल आहे ती कोदुरीच्या नावाची. पण आत नावं कोडुरीची आहेत. तुमच्या गावाची. आणि कोडुरीची म्हणून वेगळी फाइलच नाही."

कोदुरी आणि कोडुरी ही दोन वेगळी गावं. मधे एक नाला आणि चार शेतं.

"अक्षरं वाच," सर म्हणाले. "एकेक."

मी वाचली. के, ओ, डी, यू, आर, आय. दोन्हींची तीच.

"डी कसा हाय? लहान का मोठा?"

मी नीट पाहिलं आणि मला कळलं. दचा डी लहान होता आणि डचा डी मोठा. लिनक्सला हे दोन वेगळे शब्द. विंडोज फाइलच्या नावात लहान-मोठं अक्षर मानत नाही, त्याला दोन्ही एकच. कोदुरीची फाइल आधी झाली आणि कोडुरीची करताना ती पुसून तिच्यावरच लिहिली गेली.

पलीकडे लाउडस्पीकरवर नावं पुकारली जात होती. मग सर हळू म्हणाले, "इथं आत्ता तेच होऊन राह्यलं. कोदुरीचा नंबर पुकारला, आन् नावं आमच्या गावची निघून राह्यली. दिनकर फाटकापाशी पोचला."

पुढे काय करायचं ते त्यांनी सांगितलं. फाइलींना गावाचं नाव द्यायचंच नाही, आकडा द्यायचा. सगळ्या टेस्ट चालवायच्या, ती वगळलेलीसुद्धा. सीडी घेऊन साहेबांना ढाणकीला पाठवायचं आणि बाकीच्या केंद्रांना फोन करून नोंदी थांबवायला सांगायचं. मी विचारलं, तोवर तुम्ही काय करणार. ते म्हणाले, "रांग लावतो." आणि फोन बंद झाला.

मुळे साहेबांना मी सांगितलं तेव्हा ते उठून स्वतः एकेका केंद्राला फोन लावू लागले. दुपार व्हायच्या आत माझं काम झालं. ती टेस्ट हिरवी झालेली मी पाहिली, पण त्याचा आनंद वाटण्यासारखी ती दुपार नव्हती. साहेब म्हणाले, तू पण चल, मला तिथं काही कळणार नाही. आम्ही जीपनं निघालो.

ढाणकीला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. केंद्राच्या फाटकापासून रस्त्याच्या कडेनं गाड्याच गाड्या, आणि त्या गाड्यांच्या बाजूनं इंगोले सर चालत होते. हातात खडू. काय घडलं ते आम्हाला केंद्रावरच्या बाबूनं सांगितलं. सर सकाळी बूथवरून आले, लाउडस्पीकर मागून घेतला आणि म्हणाले, कॉम्प्युटर चुकला नाही, तो बनवणारे आम्ही चुकलो. कोदुरीवाल्यांचा नंबर आमच्या गावाला गेला. तो परत करायचा आहे. गलका झाला. कोदुरीची माणसं अंगावर आली, ते स्वाभाविकच होतं. पण नंतर कोडुरीची माणसं त्याहून जास्त चिडली. त्यांच्या गाड्या फाटकाशी पोचल्या होत्या.

कोदुरीच्या नोंदी तर पुसल्या गेल्या होत्या. त्यावर सरांनी केलं ते इतकंच. प्रत्येक गाडीपाशी जाऊन विचारायचं की तुम्ही आलात तेव्हा तुमच्या पुढं कोण होतं. रांगेत थांबलेल्या माणसाला आपल्या पुढच्याची पाठ चांगली लक्षात असते. तो नाव सांगायचा, सर त्या गाडीकडे जाऊन खात्री करायचे, आणि चाकावर खडूनं आकडा घालायचे. वाद झाला की दोघांच्या मागच्याला विचारायचे. असं करत करत ते सकाळपासून चालत होते. ऑफिसात निरर्थक वाटणारं ते चालणं मी तिथं पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस एवढ्यासाठीच इतकी वर्षं चालत असावा.

दिनकरभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांची गाडी वळवताना. सरांसारखंच नाक, पण अंगानं थोराड आणि शांत. सर्वांत पुढची गाडी त्यांची होती, त्यामुळे सर्वांत आधी मागं घ्यायचीही तीच. सर त्यांच्यापाशी गेले. आम्ही जवळच होतो.

"दादा, गाडी मागं घ्या लागते," सर म्हणाले.

दिनकरभाऊ जुवाला हात लावून उभे राहिले. "तुले दुसऱ्या कोणाची आधी सापडली नाई?"

"पयली तुमचीच हाय."

त्यांनी बैल वळवले. बैल दमलेले होते, गाडी मोठी, रस्ता अरुंद. सर मदतीला चाकाला हात लावायला गेले, तर भाऊ म्हणाले, राहू दे. तेवढंच. मग ते रांगेच्या अगदी शेवटाकडे निघून गेले.

आम्ही नवी सीडी चढवली, नोंदी चाकांवरच्या आकड्यांवरून पुन्हा भरल्या. कोदुरीच्या गाड्या आत गेल्या. कोडुरीची पाळी येईस्तोवर अंधार पडला आणि वजनकाटा बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर फळा लागला की गोदामात जागा नसल्यानं खरेदी बंद. पुन्हा कधी सुरू होईल ते त्यावर नव्हतं. कोडुरीच्या गाड्या भरलेल्याच परत गेल्या. दिनकरभाऊंनी नंतर तो कापूस गावात आलेल्या व्यापाऱ्याला दिला, त्यानं म्हटलं त्या भावात.

यवतमाळला परतल्यावर मुळे साहेबांनी सरांना आतल्या खोलीत बोलावलं. बाहेर आल्यावर सर म्हणाले की साहेब रडले. यापुढं टेस्ट लाल असेल तर सीडी जाणार नाही, असं साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, आणि ते त्यांनी पाळलंही. पण सरांना त्याचं काही वाटत होतं असं दिसलं नाही.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. दुकानदार म्हणाला, दिनकरभाऊ येत नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी तेच. असे कितीतरी दिवस गेले. सर रोज न चुकता फोन लावायचे, दुकानदार रोज कुणाला तरी पाठवायचा आणि रोज तोच निरोप घेऊन यायचा. गावातल्या माणसांनीही तोंड फिरवलं होतं. एकाच्या घरी लग्न होतं, तिथं सरांना बोलावणं आलं नाही. ते पेपर आता पहिल्या पानापासून वाचायला लागले. मला पाहवत नसे. एका संध्याकाळी दुकानदारानं फोन उचलला तेव्हा सर म्हणाले, "त्याले बलावू नको. फक्त सांग, तो दिसला का आज." दिसला, असं उत्तर आलं असावं. सरांनी डोळे मिटले.

मी त्यांना म्हणाले, तुम्ही जे केलं ते बरोबरच होतं. ते म्हणाले, "बरोबर होतं. पण त्यानं माह्यासाठी शाळा सोडली होती, ते बी बरोबरच होतं."

संक्रांत झाल्यावर एका सकाळी ते ऑफिसात आले आणि माझ्यासमोर चक्क खुर्ची घेऊन बसले. सगळं काम समजावून सांगितलं, कुठं काय आहे, नागपूरच्या माणसाशी कसं बोलायचं, इन्व्हर्टरचं पाणी कधी घालायचं. मी विचारलं, कुठं निघालात. म्हणाले, "घरी. फोनवरून दिसत नाई तो." मुळे साहेबांनी अडवून पाहिलं, पगार वाढवतो म्हणाले. सरांनी त्यांचे हात हातात घेतले आणि निघून गेले.

नंतर तीन-चार वर्षं गेली. मी सरांच्या जागेवर होते, माझं लग्न ठरलं, आणि पत्रिका द्यायला मी कोडुरीला गेले. दिनकरभाऊ अंगणात बसले होते. मला ओळखलं, पाणी दिलं. सर शेतात आहेत म्हणाले. मी धीर करून विचारलं, तुमचा राग गेला का.

"नाई गेला," ते म्हणाले. "ते माल परत आनला ना, ते अजून डोयापुढं हाय. पण हा येऊन घरातच बसला. सकाळी उठलं का समोर, जेवाले बसलं का समोर. घरातल्या मानसासंग किती दिवस न बोलता राहाव?" मग म्हणाले, "तीन महिने नाई बोललो म्या. तरी वावरात वखर धरत होता. त्याले धरता येत नाई, तासाची रेघ वाकडी जाते."

शेतात सर विहिरीच्या काठावर मोटारपंपाचा स्टार्टर उघडून उभे होते. काळे पडले होते, वाळले होते. मला पाहून फार आनंद झाला त्यांना, पण हातातला स्क्रूड्रायव्हर काही सुटला नाही. पंप सुरू केला की थोड्या वेळानं आपोआप बंद पडतो, आणि का ते समजत नाही. त्यांनी मला सगळं सांगितलं, आधी काय तपासलं, मग काय. गावातली माणसं आता त्यांच्याकडे पंपाच्या मोटारी दुरुस्तीला आणत होती, कोदुरीची तर रोजच. पुसदहून सरांच्या पत्नी शनिवार-रविवारी येत. पेपर येतो का विचारलं, तर म्हणाले, वेळ भेटत नाही.

मला ढाणकीच्या बसला सोडायला ते मोटरसायकलवर आले. वाटेत वाऱ्यात मोठ्यानं त्या स्टार्टरबद्दलच बोलत होते. लग्नाला नक्की येतो म्हणाले, आणि ते येणार नाहीत हे मला तेव्हाच कळलं, कारण लग्नाचा दिवस ऐन हंगामातला होता. बस आली. मी म्हणाले, सर, तब्येतीला जपा. ते म्हणाले, "मले एक गोष्ट सुचून राह्यली, वायर आतून तुटली असन. तू बस, तुले खिडकी भेटन."

मला खिडकी मिळाली. हात करायला मी बाहेर डोकावले, तर स्टँडवर धूळ तेवढी होती आणि मोटरसायकलचा आवाज कोडुरीच्या रस्त्याला लागला होता.